ऐपतीतली रायफल

विस्कॉन्सिनमध्ये ऑगस्ट सरत आला की मका माणसाच्या डोक्यावरून जातो आणि गावातल्या दुकानांत नारिंगी रंग उगवायला लागतो. आधी टोप्या, मग बंड्या, मग हातमोजे, शेवटी कुत्र्यांसाठीसुद्धा नारिंगी जाकिटं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या बंदुकीच्या हंगामाचे नऊ दिवस सुरू होतात. पाच लाखांहून जास्त माणसं रानात उतरतात, आणि त्या प्रत्येकानं कमरेवरचे निदान निम्मे कपडे या भडक नारिंगीत घालावेत असा कायदा आहे. 2016 पासून तितकाच भडक गुलाबीही चालतो. हरणाच्या डोळ्याला हा नारिंगी फारसा उठून दिसत नाही. माणसं माणसांना दिसावीत, एवढ्यासाठी ही सगळी रंगपंचमी.

यंदा त्या गर्दीत माझी तेरा वर्षांची लेक जाणार होती. आमच्या शेजारच्या आजींनी जन्मभर गाई पाळल्या आणि दर नोव्हेंबरात घरात हरणाचं मांस आणलं. लेक त्यांच्या मागेमागे हिंडते. त्यांच्या गोठ्यातच ती सायकल शिकली, म्हणायला हरकत नाही. सरकारी शिकार-शिक्षणाचा वर्ग तिनं उन्हाळ्यात पुरा केला. त्यातले चार नियम फ्रिजवर चिकटवलेले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. नेम कशावर धरलाय आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्हींची खात्री. मारायचं नक्की होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. दूध काढताना रोज वाचून मलाही ते पाठ झाले. प्रश्न उरला बंदुकीचा. आजी स्वतःची रायफल द्यायला तयार होत्या, पण ती पडली .30-06 काडतुसाची, पूर्ण वाढलेल्या खांद्यासाठी केलेली. मग विकत घ्यायची ठरली, आणि नवऱ्यानं आकडा सांगितला: रायफल, दुर्बीण, काडतुसं, सगळं मिळून सातशे डॉलर. त्यावर एक डॉलर नाही.

बंदूक निवडायची असते हेच मला नवं होतं. माझ्या माहेरी, देवगडच्या बाजूला, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर एक एकनळी होती. ती कुणी निवडली नव्हती. पणजोबांकडून आजोबांकडे आली, आजोबांकडून काकांकडे, कागदावर नाव बदलत. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. आम्हा मुलांना निवडणूक कळायची ती भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीवरून. भाताच्या लोंबीला दूध भरलं की रानडुकरांसाठी रात्री एखादा बार निघे, तोही बहुधा आभाळात. आजोबा एकच शिकवायचे, "बगान मार, नायतर मारू नको." तिची नळी सरळ होती की नाही, दस्ता कुणाच्या खांद्याला बसतो, असले प्रश्न कुणी विचारले नाहीत. आहे ती आहे. आणि इथे दुकानाच्या अख्ख्या भिंतीवर रायफली उभ्या, सगळ्यांच्या चापाला किमतीची चिठ्ठी लोंबतेय.

आमच्या आकड्यातल्या रायफली खालच्या ओळीत होत्या. काळं प्लास्टिक, निस्तेज काळं पोलाद, ज्यावर बोट फिरवावंसं वाटू नये असं सगळं. वरच्या ओळीत अक्रोडाचं लाकूड, तेल पाजून मुरवलेलं, हातानं कोरलेली जाळी, निळसर चमकणाऱ्या नळ्या. मराठी वाचकाच्या मनातली बोल्ट-अॅक्शन रायफल ही वरच्या ओळीतलीच असते. चंपावतच्या वाघिणीनंतर, 1907 मध्ये, जिम कॉर्बेटला जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती मूळ माउझरच्या धाटणीची, आणि तिच्या दस्त्यावर तसा पत्राही ठोकलेला होता. खालच्या ओळीतल्या रायफलीवर कुणी कसला पत्रा ठोकणार नाही. मला त्या वेळी खरंच वाईट वाटलं. पोरीची पहिली बंदूक, आणि ती अशी दिसणार.

पण सुंदर आणि स्वस्त यांचं भांडण या यंत्रात जुनं आहे, आणि त्याचा निकाल मला वाटत होता तसा लागलेला नाही. विंचेस्टर कंपनीचं मॉडेल 70 निघालं 1936 मध्ये. काडतुसाला मागून पक्कं धरून आत नेणारा माउझरसारखा लांब पंजा, कोरीव दस्ता. अमेरिकन शिकारी त्याला रायफलवाल्यांची रायफल म्हणायचे. 1964 मध्ये कंपनीनं खर्च कापला. पंजा गेला, कोरलेल्या जाळीच्या जागी साच्यानं दाबलेली जाळी आली. लोकांनी ते आजतागायत माफ केलेलं नाही. जुन्या रायफलींच्या बाजारात "64 च्या आधीची" एवढं म्हटलं की किंमत चढते. आजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज घरात झालेल्या फसवणुकीबद्दल बोलावा तसा होता, आणि ही गोष्ट तेव्हा साठ वर्षांची होती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीनं काटकसर वेगळ्या जागी केली. सॅव्हेज. तिचा संस्थापक आर्थर सॅव्हेज जन्मला जमैकातल्या किंग्स्टनला आणि कंपनी काढली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात, 1894 मध्ये. 1958 मध्ये त्यांनी मॉडेल 110 काढलं, निकोलस ब्रूअरनं आखलेलं. बोल्ट-अॅक्शनची सगळी ताकद नळीच्या मागच्या बाजूला असते. बोल्ट पुढे ढकलून दांडी खाली पाडली की त्याच्या तोंडाजवळचे पोलादी कान वळून खाचांत अडकतात, आणि बार उडताना चौरस इंचाला 60,000 पौंडांच्या आसपासचा दाब ते कान झेलतात. बोल्टचं तोंड आणि नळीतलं काडतूस यांच्यात अंतर किती, हे इंचाच्या काही हजारांश भागांत जमावं लागतं. पूर्वी त्यासाठी कारागीर नळीचे आटे कापायचा, लावून बघायचा, पुन्हा कापायचा. सॅव्हेजनं नळीवर एक नट बसवला. मापाचं डमी काडतूस आत ठेवायचं, ते टेकेपर्यंत नळी फिरवायची आणि नट आवळायचा. संपलं. कारागिराचे तास वाचले, आणि अंतर उलट जास्त नेमकं जमलं. नळीच्या मुळाशी तो नट दिसतो, जरा ओबडधोबड. दिसायला वाईट म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. मला मात्र दुकानात तो कळल्यावर त्या काळ्या ओळीकडे पाहायची नजरच बदलली. पैसे कुठे वाचवायचे हे कळणं हीसुद्धा कारागिरीच आहे, आणि विंचेस्टरनं 1964 मध्ये ती कमी दाखवली.

बाकीचं यंत्रांनी केलं. आज बऱ्याच नळ्या ठोकून बनतात. आत पिळाच्या चरांचा उलटा ठसा असलेला कठीण दांडा घालतात, बाहेरून हातोडे धडाधड पडतात आणि काही मिनिटांत आतल्या अंगाला चर उमटलेले असतात. 2012 च्या सुमारास रूगरची अमेरिकन आली, सॅव्हेजची अॅक्सिस आली, मग मॉसबर्गची पेट्रियट. शंभर यार्डांवर एका इंचात, फार तर दीड इंचात गोळ्या बसवणारी रायफल आता चार-पाचशे डॉलरला मिळते. आजींच्या तरुणपणी असली रायफल हवी तर बंदूकवाल्याकडे वाट बघावी लागे आणि वर नशीबही लागे. हरणाच्या फुफ्फुस-हृदयाचा भाग साधारण आठ इंचांचा, आणि इथल्या दाट रानात बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच निघतात. म्हणजे सर्वांत स्वस्त रायफलही गरजेपेक्षा पाच-सहापट नेमकी. हे ऐकून आनंद व्हावा, पण आजींनी त्यातली मेख सांगितली. "माझ्या वडिलांचा नेम चुकला की ते बंदुकीला शिव्या घालायचे," त्या म्हणाल्या. "तुझ्या मुलीला ती सोय नाही."

स्वस्त रायफलीत कमतरता असतेच, फक्त ती शोधायला हवी. दुकानदाराची परवानगी घेऊन आजींनी खिशातून एक नोट काढली आणि नळी व दस्त्याच्या फटीत सारली. नळी दस्त्याला कुठे टेकता कामा नये. टेकली की तापल्यावर गोळी लागायची जागा सरकते. नोट सरळ मागपर्यंत गेली. मग त्यांनी दस्त्याचा पुढचा भाग मुठीत दाबला आणि पुन्हा नोट सारली, अडकली. स्वस्त प्लास्टिक लवतं. "झाडाला टेकवून नेम धरलास की असंच होईल," त्या लेकीला म्हणाल्या आणि ती रायफल जागेवर गेली. पुढची. चापाचंही तसंच. एके काळी कंपन्या खटल्यांच्या धास्तीनं चाप इतका जड ठेवत की तो ओढायला जवळजवळ रायफलीच्या वजनाएवढा जोर लागे. तो जोर गोळा होईपर्यंत नळी हलायची. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सॅव्हेजनं मधोमध पातं असलेला चाप आणला, जो हलका ठेवता येतो आणि तरी धक्क्यानं आपोआप सुटत नाही. मग सगळ्यांनाच तसं काही ना काही करावं लागलं. आमच्या ओळीत आता चांगले चाप होते. लेकीनं एकेक रिकामा ओढून पाहिला, दर वेळी आधी बोल्ट उघडून आत बोट घालून.

मुख्य अडचण अंगाची होती. आम्ही कोकणातली माणसं. कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, दोन वर्षं बाह्या दुमडायच्या, हे आमच्या रक्तात. रायफलीला हा हिशोब चालत नाही. दस्ता लांब पडला की लेकीला मान पुढे ओढावी लागते, खांदा मागे जातो, दुर्बिणीत अर्धा काळा चंद्र दिसतो आणि धक्का नेमका दंडावर बसतो. असा एक धक्का बसला की मूल पुढच्या बारापूर्वी डोळे मिटतं आणि ते मिटणं मग वर्षानुवर्षं जात नाही. मोठ्यांचे दस्ते बहुधा पावणेचौदा इंचांचे. लेकीला साडेबारा लागत होता. मग काडतूस. आजींना .30-06 शिवाय दुसरं काही फारसं पटत नाही, पण पोरीसाठी त्यांनी न विचारताच .243 विंचेस्टर सांगितलं. 1955 चं काडतूस, .308 च्याच नळकांड्याची मान आवळून केलेलं. धक्का .30-06 च्या निम्म्याच्या आसपास, आणि दोनशे यार्डांच्या आत हरणाला पुरेसं. हल्ली सगळे 6.5 क्रीडमूरचं नाव घेतात, तेही चांगलंच. पण गावच्या दुकानात हंगामाच्या आदल्या रात्री जे काडतूस हमखास मिळतं ते घ्यावं, असा आजींचा हिशोब. मला तो एकदम पटला. आमच्याकडेही गावच्या वाण्याकडे मिळतं तेच तिखट.

दुर्बिणीसाठी पैसे राखून ठेवायचे, हे आजींनी दुकानाच्या दारातच बजावलं होतं. बंदुकीवर खर्च केला तेवढाच काचेवर करा, हा इथला जुना दंडक आहे आणि स्वस्त रायफलींच्या काळात तो आणखी खरा ठरतो. हरणं हलतात संधिप्रकाशात. इथे सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर वीस मिनिटं एवढ्याच वेळात बार काढायची परवानगी आहे, आणि त्या पहिल्या-शेवटच्या मिनिटांत झाडीतला करडा रंग आणि हरणाचा करडा रंग वेगळे दाखवते ती काच. पुढची काच 40 मिलीमीटरची, मोठं करणं नऊ पट. डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका साडेचार मिलीमीटरचाही नाही. चार पटीवर आणलं की तोच दहा मिलीमीटरचा होतो, डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठा. म्हणून संध्याकाळी आकडा खाली आणायचा. लेकीनं हे गणित दुकानातच तोंडी केलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, असं गणित करणारं पोर आलं की त्याला बरं वाटतं, कारण बहुतेक मोठे लोक फक्त नऊ पट मोठं दिसतं एवढंच बघतात.

त्याच्याच मागे, जुन्या बंदुकांच्या घोडीवर, एक जाड, लष्करी दिसणारी रायफल उभी होती. किंमत आमच्या आकड्यातली. मी चिठ्ठी उलटली आणि पोलादावर कोरलेली अक्षरं वाचली: आर.एफ.आय. रायफल फॅक्टरी, इशापूर. हुगळीकाठचा कारखाना. 1962 च्या युद्धानंतर भारतानं जुन्या .303 ली-एनफील्ड रायफलीचा सांगाडा 7.62 मिलीमीटरसाठी नव्यानं घडवला. ही 2ए1 ती, बारा काडतुसांच्या चौकोनी मॅगझिनची. लष्करानं काढून टाकल्यावर अशा कितीतरी इथे भंगाराच्या भावात आल्या. गंमत अशी की भारतातल्या परवानाधारकाला .303 मुळात मिळतच नाही, ते लष्करी माप म्हणून बंद. त्याच्यासाठी सरकारी कारखान्यांनी वर्षानुवर्षं .315 ची शिकारी रायफल बनवली. आणि भारतीय सैनिकाच्या खांद्यावरची ही इथे विस्कॉन्सिनच्या तालुक्यात कोणीही मापून बघू शकतो. मी उचलली. सव्वाचार किलोच्या वर. लेकीनं हातात घेतली, नळी खाली झुकली, तिनं परत दिली. "आई, ही तुझ्यासाठी घे," ती म्हणाली. मोह झाला, हे खोटं नाही. पण सातशे डॉलर एकाच बंदुकीचे होते.

शेवटी घेतली ती मुलांच्या मापाची, दस्त्यामागे जोडायचे तुकडे असलेली. आत्ता तुकडे काढून ठेवायचे, पोर वाढली की एकेक जोडायचा. माझं कोकणी मन निवलं. अठरा वर्षांखालच्याला दुकान रायफल विकत नाही, म्हणून कागदावर ग्राहक मी. 4473 नंबरचा फॉर्म, त्यात नागरिकत्वाचा प्रश्न. आमच्या इथल्या ओळखीतल्या कामाच्या व्हिसावरच्या मराठी पोरांना बंदूक बाळगायचीच बंदी, फक्त चालू शिकारीचा परवाना असेल तर सूट. मग दुकानदार माझी नोंद तपासणीसाठी पाठवतो. ही तत्काळ तपासणी 1998 मध्ये सुरू झाली. काही मिनिटांत होकार आला आणि त्या काही मिनिटांत मला एकही गुन्हा केलेला नसूनही घाम फुटला.

बिलावर दिसत नाही, पण किमतीत एक कर मुरलेला असतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवर कारखान्याकडूनच 11 टक्के घेतले जातात आणि ते राज्यांकडे वन्यजीवांसाठी जातात. म्हणजे आमच्या काळ्या प्लास्टिकातूनही थोडं दलदलीला आणि माळाला गेलं. वन्यजीव सांभाळण्याचं हे काम ज्यानं शास्त्रात बसवलं तो आल्डो लिओपोल्ड इथलाच, मॅडिसनच्या विद्यापीठात 1933 पासून शिकवणारा. 1940 च्या दशकात त्यानं सांगितलं की रानाला वाचवायचं तर हरिणीही मारू द्या, नाहीतर हरणं रोपं खाऊन रान उजाड करतील आणि मग उपासमारीनं मरतील. लोकांनी त्याला भरपूर शिव्या दिल्या. माझ्या परसातल्या भोपळ्याचे शेंडे ज्या रात्री गेले त्या रात्री मी मनातल्या मनात लिओपोल्डच्या बाजूनं मतदान केलं. लेक म्हणते, हे शास्त्र नव्हे, सूड आहे. असेल.

सप्टेंबरात चांदमारीच्या मैदानावर जायला लागलो. .243 चं एक काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं आणि नवरा प्रत्येक आवाजाला मनातल्या मनात गुणाकार करतो. एकदा त्यानं रुपयांत सांगितलं तेव्हा मीच त्याला गप्प केलं. आजींची युक्ती स्वस्तातली आहे. त्या लेकीला पाठ फिरवायला सांगतात आणि मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्ये एखादं डमी घालतात. खरं कुठलं, डमी कुठलं, तिला कळत नाही. डमीवर चाप ओढला आणि नळी तरीही खाली दचकली, की दचक धक्क्याची नसून भीतीची आहे हे तिचं तिलाच दिसतं. सुरुवातीला नळी दचकायची. आता नाही. दुर्बीण शंभर यार्डांवर जुळली आहे, गोळ्या दीड इंचात बसतात, आणि आजींचा निकाल असा की दीड इंच रायफलीचा आहे, बाकी मुलीचं काही उरलेलं नाही.

हिशोबात एकतीस डॉलर उरले. लेकीला दस्त्यावर हिरव्या पानांचं चिकटपट्टीचं डिझाइन हवं, म्हणजे तरी ती जरा बरी दिसेल. नवरा म्हणतो, आणखी एक खोकं काडतुसं. आजी ऐकून घेतात आणि म्हणतात, हातमोज्यात ठेवायच्या गरम पुड्या घ्या, मोठं खोकं. नोव्हेंबरात पहाटे साडेपाचला झाडावरच्या मचाणावर पोर गारठली की तिची नऊशे डॉलरची असो की चारशेची, रायफल थरथरणारच. माझं मत पुड्यांना आहे. दोन्ही बाजूंनी विरोध चालू आहे.